लावलेलं राखायचं कसं : चर्चच्या आवारातून सृष्टीची काळजी

आमच्या चर्चच्या आवारात एका ५ जूनला, पर्यावरण दिनाला, चाळीस रोपं लागली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, संडे स्कूलच्या पोरांनी खड्ड्यात माती लोटली, फोटो झाले, उप्पीट-चहा झाला. त्या वर्षी पाऊस लांबला. पुढच्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेनंतर सहज मोजायला गेलो तर तीन झाडं उभी. त्यातलं एक सुबाभूळ, जे आम्ही लावलंच नव्हतं.

त्याच साली सुगीच्या तोंडावर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं मामांच्या गावी गेलो होतो. भात ओंबीवर आलं की तिकडं रात्री माळ्यावर बसावं लागतं. रानडुकरं येतात, कधी गवे येतात, एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवतात. मामा पहाटेपर्यंत पत्र्याचा डबा वाजवत होते. मला डुलकी लागली तर म्हणाले, "झोपलास व्हय? राखायचं नव्हतं तर पेरलं कशाला?" आमच्या अडतीस मेलेल्या रोपांबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं. मला मात्र ते लागलं.

त्यानंतरच्या वर्षांत आमच्या मंडळीत काय जमलं आणि काय फसलं, ते इथं क्रमानं लिहितोय. मंडळी कॅथलिक असो, मेथडिस्ट असो की सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया), शहरातल्या कॅम्पातली मोठी असो की गावातली तीस घरांची, बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

आधी वचन नीट वाचा

कमिटीपुढं हा विषय मांडला की कुणीतरी उठून म्हणणारच, "आपलं काम आत्म्यांचं, झाडांचं काम वनखातं बघेल." त्यांच्याशी वाद घालू नका, बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. पंधराव्या वचनात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते दोन कामांसाठी : मशागत आणि राखण. दोन्ही शब्द आपल्या शिवारातले आहेत, समजावून सांगायची गरज पडत नाही. पहिल्या अध्यायातलं ‘सत्ता चालवा’ सगळ्यांना पाठ असतं, हे दुसऱ्यातलं राहून जातं.

राखणेसाठी मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे, तेच गणनेच्या पुस्तकात ६:२४ मध्ये येतं. म्हणजे उपासना संपताना पाळक हात वर करून ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो’ म्हणतात, तिथं. ‘मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?’ या भावाला मारणाऱ्या काइनाच्या प्रश्नातही तोच शब्द आहे. देवानं आपल्याला जसं राखावं असं आपण दर रविवारी मागतो, तसंच आपण जमिनीला राखायचं आहे. आमच्या कमिटीत हे एवढं सांगितल्यावर निम्मे लोक वळले. उरलेले निम्मे पाण्याचं बिल पाहून वळले.

उपदेशासाठी वर्षातला एक काळ आयता आहे. १९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख (पॅट्रिआर्क) दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक मंडळीसाठीही तोच दिवस घेतला. १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, अनेक पंथांच्या मंडळ्या हा काळ पाळतात. आपल्याकडं त्या दिवसांत भात पोटरीत असतं, नजर जाईल तिथं हिरवं. उपदेशाला, गाण्यांना, मुलांच्या चित्रांना हे दिवस उत्तम, पण कुदळीच्या कामाला उशिराचे. कुदळीचं काम एप्रिल-मेमध्ये सुरू व्हायला हवं. मार्गदर्शक पुस्तिका युरोपच्या ऋतूंवर लिहिलेल्या असतात, त्या जशाच्या तशा उचलू नका.

एक रविवार फक्त मोजणी

मार्चमधला एखादा रविवार घ्या. उपासनेनंतर तरुण संघाची चार पोरं, एक टेप, एक वही. छपराची लांबी-रुंदी मोजा. गळणाऱ्या प्रत्येक नळाखाली तासभर बादली ठेवून किती पाणी साचतं ते लिहा. वर्षभराची लाइटबिलं काढा. गेल्या प्रीतिभोजनाला किती प्लास्टिकच्या ताटल्या आणि पाण्याच्या बाटल्या आणल्या, ते बिलबुकात सापडेल. आवारातल्या प्रत्येक झाडाचं नाव लिहा आणि नाव सांगायला मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला बरोबर घ्या. आम्ही ज्याला ‘ते मागचं झाड’ म्हणायचो ते बकुळ निघालं.

पहिला खर्च मोजणीनंतरच करा. आम्ही उलटं केलं होतं.

छपराचं पाणी

बेळगाव जिल्ह्याचा पाऊस एकसारखा नाही. शहरात वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटर पडतो. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीकडं त्याच्या कितीतरी पट. पूर्वेला अथणीकडं शहराच्या निम्माच. तेव्हा शेजारच्या तालुक्यातल्या चर्चनं काय केलं हे बघून टाकी घेऊ नका, आपला हिशेब करा. तो सोपा आहे : एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साठ फूट बाय तीस फुटांचं छप्पर साधारण १६७ चौरस मीटरचं. बाराशेनं गुणलं तर दोन लाख लिटर. उडालेलं, सांडलेलं, कौलांनी प्यालेलं वीस टक्के सोडा, तरी एक लाख साठ हजार उरतात. पाच हजार लिटरच्या टँकरचे बत्तीस टँकर, आणि ते सगळं आपण गटारात सोडतो. शहराच्या त्या बाजूला असाल तर ते बळ्ळारी नाल्यात जातं. पावसाळ्यात तो नाला तुंबून वडगाव-शहापूरच्या शिवारातली भातं पाण्याखाली गेली की त्यात आपल्या पन्हाळीचाही वाटा असतो.

हे पाणी टाकीत साठवायचं की जमिनीत मुरवायचं? एवढं पाणी मावेल अशी टाकी कुणालाच परवडत नाही. आवारात जुनी विहीर किंवा आड असेल तर तुमचं नशीब मोठं, पाणी तिथंच सोडा. जुन्या मिशन बंगल्यांच्या आवारात आड असतातच, बहुतेक ठिकाणी कचरा टाकून बुजवलेले. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली, ती आजही आहे. तुमच्या आडाला काही होत नाही, गाळ तेवढा काढा. गाळ काढायला मात्र सराईत माणसंच बोलवा. जुन्या विहिरीत हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडून बघतात, तो विझला तर कुणी उतरायचं नाही. विझला नाही तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच.

मग क्रम असा. मे महिन्यात छप्पर झाडून घ्या, पन्हाळी बसवा. पन्हाळीचं पाणी एका पाइपात आणा आणि त्या पाइपाला खाली तोटी ठेवा. पहिल्या एक-दोन पावसांत ती उघडी ठेवायची, म्हणजे कबुतरांची घाण आणि धूळ बाहेर जाते. तेवढ्या छपराचं पहिलं दोन-तीनशे लिटर पाणी असंच सोडून द्यायचं असतं. त्यानंतर तोटी बंद करून पाणी गाळणखड्ड्यात घ्या. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट खोल, आतून विटांचा. तळाला फूटभर दगडगोटे, त्यावर फूटभर खडी, मग जाळी, वर फूटभर जाड रेती. तळातून पाइप विहिरीत. दर मे महिन्यात वरची रेती काढून धुवायची. हे काम कुणाचं ते नावानिशी ठरवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी खड्डा चिखलानं भरतो.

विहीर नसेल तर शोषखड्डा. पण त्याआधी माती बघा. पश्चिमेची तांबडी, जांभ्याची जमीन पाणी झटक्यात पिते. पूर्वेकडची काळी जमीन फुगते आणि पाणी धरून बसते. मी स्वतः एका ओळखीच्या मंडळीला काळ्या जमिनीत खड्डा मारायचा सल्ला दिला होता. ऑगस्टमध्ये तिथं डासांची पैदास झाली आणि आजूबाजूच्या घरांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आता आधी दोन फुटांचा छोटा खड्डा काढून त्यात बादलीभर पाणी ओततो. तासाभरात जिरलं तर पुढं जायचं. दुसऱ्या दिवशीही दिसलं तर छोटी टाकी बरी.

संडासाच्या टाकीपासून आणि दफनभूमीपासून खड्डा दूर ठेवा, किमान पन्नास फूट. आणि विहिरीचं पाणी पिण्याआधी तपासा. औषधाच्या दुकानात किंवा पाणीपुरवठ्याच्या लोकांकडं तपासणीची छोटी बाटली मिळते, तीत पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर ते पाणी झाडांना आणि फरशीला, पोटात नाही.

आणखी एक अनुभवाचं. महानगरपालिकेत किंवा पंचायतीत अर्ज कन्नडमध्ये दिला की काम लवकर हलतं. आपल्याच चर्चमध्ये कन्नड उपासनेला येणारे लोक असतात, त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. आमच्याकडं पन्हाळीच्या निमित्तानं दोन्ही उपासनांची माणसं पहिल्यांदा एका शिडीवर चढली.

प्रभुभोजनाचे कप

पाच हजारांना जेवू घातल्यावर येशू शिष्यांना सांगतो की उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ देऊ नका. योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे. चमत्कार करू शकणाऱ्यानं उष्टं-उरलं वेचायला लावावं, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाटतं.

आणि त्याच प्रभूच्या भोजनानंतर आमच्या बाकांखाली काय पडलेलं असायचं? द्राक्षरसाचे, बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे कप. दीडशे माणसं, महिन्यातून एकदा, म्हणजे वर्षाला अठराशे. कॅथलिक बांधवांकडं प्याला एकच असल्यानं त्यांना हा प्रश्न नाही. आमच्याकडं कपाटावरच्या ट्रंकेत जुने काचेचे कप लाकडी तबकांसकट सापडले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. कमी पडले तेवढे स्टीलचे घेतले. उकळत्या पाण्यातून काढायचे, उन्हात पालथे घालायचे. धुण्याची पाळी महिला मंडळावर ढकलू नका. आमच्याकडं ती कमिटीच्या पुरुषांना दिली आणि पहिल्या महिन्यात चार कप फुटले, एवढंच नुकसान.

जेवणाचं सोपं आहे : स्टीलची ताटं एकदाच घ्या, लग्न-बारशाला मंडळीतल्या घरांना भाड्यानं द्या, दोन-तीन वर्षांत पैसे वसूल. नाहीतर केळीचं पान किंवा पत्रावळ. चकचकीत कागदी ताटली घेऊ नका, तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. प्लास्टिकच्या ताटल्या, कप, फ्लेक्स यांवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून. तरी नाताळात चर्चच्या फाटकावर फ्लेक्स झळकतोच. कापडी फलक रंगवून घ्या, साल खडूनं लिहा, दहा वर्षं चालतो.

नाताळच्या गोठ्याचं थोडं सविस्तर सांगतो. थर्माकोलचे डोंगर आणि घाटातल्या झाडांवरून ओरबाडून आणलेलं शेवाळ, असा गोठा आपण करतो. ते शेवाळ वाढायला वर्षं लागतात. त्याऐवजी गोव्याकडं करतात तसं करा. १४ डिसेंबरच्या सुमाराला नाचणी रात्रभर भिजवा, सकाळी ओल्या फडक्यात बांधा. मोड डोकावले की पसरट ताटात बोटभर माती घेऊन दाट पेरा, वर चिमूट-चिमूट माती भुरभुरवा आणि फडकं झाका. तीन दिवसांनी फडकं काढा, हातानंच पाणी शिंपडा. चोवीस तारखेला बोटभर उंचीचं पोपटी कुरण तयार, त्यात मेंढरं उभी करा. हे काम संडे स्कूलच्या पोरांकडं द्या. एकाच ताटात कोपरा वाळलेला दिसला तर पाणी घालायची पाळी कुणाची होती, हे सगळ्यांना कळतं.

झाडं : आधी राखणारे मोजा

रोपं किती लावायची हा आकडा रोपवाटिकेत ठरत नाही. किती घरं तीन वर्षं पाणी घालायला तयार आहेत तेवढीच रोपं. आमच्याकडं चौदा घरांनी हात वर केले, म्हणून चौदा रोपं आणली. कर्नाटक वनखात्याची शेतकऱ्यांसाठी जी कृषी अरण्य योजना आहे, तीही पैसे देते ते जगलेल्या रोपाला, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मोजून. सरकारला जे कळलं ते मंडळीला कळायला हरकत नाही.

जाती इथल्याच घ्या : जांभूळ, फणस, बकुळ, करंज, आवळा, बेहडा, जागा मोठी असेल तर वड-उंबर. घाटाकडच्या ओलाव्यात रातांबा छान येतो. गुलमोहर मादागास्करचा, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. आवारात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे उंच, थरांचं झाड कौतुकानं लावतात ते प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. असलेली तोडा असं मी म्हणत नाही, नवी लावू नका.

मे महिन्यात दोन फुटांचे खड्डे काढून उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, घमेलंभर शेणखत आणि निंबोळी पेंड घाला. तांबड्या मातीत वाळवी फार, पेंड विसरलात तर जुलैत मूळच राहत नाही. ५ जूनचा मुहूर्त सोडा. दोन चांगले पाऊस होऊन हातभर खोल ओल गेली की लावा. आधार बांबूचा, भोवती बाभळीच्या काट्या, कारण लोखंडी जाळी चोरीला जाते आणि काट्यांमुळं शेळी सहसा जवळ येत नाही.

आता डिसेंबर ते मे, म्हणजे खरी राखण. प्रत्येक रोपाशेजारी खानापूरचं एक साधं भाजलेलं, बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. खानापूरच्या कुंभारांचं मडकं झिरपतं छान. आठवड्यातून एकदा भरायचं, झाकण ठेवायचं. पाणी मुळाशी हळूहळू पाझरतं, उन्हात उडत नाही. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोनदा. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर. तो पाचोळा आत्तापर्यंत दर शनिवारी जाळला जात असेल, ते तेवढं बंद करा. उरलेला एका कोपऱ्यात रचून त्यावर शेणकाला शिंपडत राहा, पावसाळ्यात पत्रा झाका. वर्षाच्या आत खत होतं.

मोजणी ईस्टरला. ईस्टर मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो, रोपं मरतात ती नेमकी त्याच दिवसांत. पहाटेची उपासना झाली की सगळी मंडळी आवारात फिरते, वहीत प्रत्येक रोपासमोर जिवंत की मेलं लिहिलं जातं. लाजेखातर का होईना, गुड फ्रायडेच्या आठवड्यात मडकी तुडुंब भरलेली असतात.

मध्यंतरी गाड्या लावायला जागा हवी म्हणून जुना फणस काढायचा ठराव आला. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात शहराला वेढा घातला असतानाही फळझाडावर कुऱ्हाड चालवू नये असं नियमशास्त्र सांगतं. युद्धात जे चालत नाही ते पार्किंगसाठी कसं चालेल, असं एका आजींनी विचारलं. ठराव बारगळला. दुचाक्या आता फणसाखालीच लागतात, जूनमध्ये थोडं जपून.

दफनभूमी

गावातली मोकळी जागा संपत चाललीय आणि दफनभूमीवर कुणी इमला बांधत नाही. म्हणून पाखरांना, फुलपाखरांना ही जागा सोन्याची आहे. तणनाशक मारू नका. २ नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधी सगळं गवत साफ करायची घाई असते. वाटा आणि थडग्यांभोवतीचं हातभर कापा, कडेचं रानगवत बी धरून वाळेपर्यंत राहू द्या. प्लास्टिकची फुलं आणि झगमगीत कागदाचे हार फाटकावरच नको म्हणा, पण मयताच्या दिवशी घरच्यांना हे सांगायला जाऊ नका. आधीच्या रविवारच्या सूचनांत सांगावं.

वीज

चर्च आठवड्यातून काही तास उघडतं. त्यामुळं सौर पॅनेलची घाई नको. जुन्या ट्यूब बदला, पंखे बदला, सकाळच्या उपासनेला खिडक्या उघडा. आवारात शाळा भरत असेल तर मात्र छपरावरच्या पॅनेलची चौकशी हेस्कॉम या वीज कंपनीकडं जरूर करा.

शेतकरी घरांसाठी

बायबलातल्या रूथची गोष्ट सांगताना आपल्याला ‘सरवा’ शब्द समजावून सांगावा लागत नाही, आपल्या आज्यांनी भाताचा सरवा वेचलेला आहे. लेवीयच्या पुस्तकात शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडायला सांगितलंय आणि सातव्या वर्षी जमिनीलाच शब्बाथ, म्हणजे विसावा. अख्खं शेत पडीक ठेवणं आज कुणाला परवडत नाही. दर वर्षी एक-दोन गुंठे निवडून त्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडणं परवडतं, पुढच्या वर्षी शेजारचे गुंठे. उसाचं पाचट पेटवू नका, खोडव्यात सरीआड सरी पसरा. पाणी कमी लागतं, तण दबतं. हार्वेस्टच्या उपासनेला पहिलं केळं, पहिली भाताची पेंढी आणतो, लिलाव होतो. त्याच दिवशी गाडलेल्या गुंठ्याचीही दोन वाक्यं वेदीपुढं सांगू द्या. आमच्याकडं पहिल्या वर्षी एकच शेतकरी उठला, दुसऱ्या वर्षी चार.

गेल्या ईस्टरच्या वहीत चौदातली बारा रोपं जिवंत आहेत. एक शेळीनं खाल्लं. एक वाळवीनं, पेंड घालायची राहिली होती ती माझीच. बारावं रोप फणसाचं, त्याला पाणी घालणाऱ्या घरची माणसं पुण्याला गेली. वहीत त्यांच्या नावापुढं पेन्सिलनं दुसरं नाव लिहिलंय, अक्षर लहान मुलाचं आहे. मडकं भरलेलं असतं.